स्प्रे फोमसाठी कम्प्रेसर किती मोठा घ्यावा: इंदूरच्या हवेतला हिशेब

सांवेर रोडवरची शेड असो, पीथमपूरच्या कारखान्याचा पत्रा असो की बटाट्याचे कोल्ड स्टोअरेज, स्प्रे फोमच्या कामात (आयसो म्हणजे आयसोसायनेट आणि पॉलिऑल ही दोन केमिकल गनमध्ये मिसळून फवारायची, ती फुगून उष्णतारोधक थर बनतो) सगळ्यांचे लक्ष असते ते मशीन, हीटर आणि केमिकलवर. कम्प्रेसर शेवटी, उरलेल्या पैशांत घेतला जातो. मग पावसाळ्यात गन दर तासाला तुंबू लागते, थंडीत पॉलिऑलचा पंप अडखळतो, फोम कुठे चिकट तर कुठे भुसभुशीत येतो आणि दोष जातो केमिकलवाल्याकडे. यातल्या बऱ्याच तक्रारींचे मूळ हवेत असते: हवा कमी पडते, ओली असते किंवा गनपर्यंत पोचेपर्यंत तिचा दाब गळालेला असतो.

दुकानात कम्प्रेसर एचपी आणि टाकीच्या लिटरवर विकला जातो. आपल्याला लागणारे आकडे वेगळेच आहेत: कामाच्या दाबाला मिनिटाला किती हवा मिळते (हे सीएफएममध्ये, म्हणजे घनफूट प्रति मिनिटात मोजतात), ती किती कोरडी आहे, आणि गनच्या हँडलपाशी दाब किती उरतो. हे तीन ठरले की एचपी आणि टाकी आपोआप ठरतात.

आधी सीएफएम कोणते ते बघा

बऱ्याच कम्प्रेसरच्या पाटीवर 'पिस्टन डिस्प्लेसमेंट' छापलेले असते. पिस्टन किती जागा झाडतो याचा तो आकडा आहे. प्रत्यक्ष बाहेर पडणारी हवा, म्हणजे एफएडी, त्याहून बरीच कमी असते. ७ किलो (प्रति चौरस सेंटिमीटर) दाबाला सिंगल स्टेज, म्हणजे हवा एकाच टप्प्यात दाबणाऱ्या पिस्टन कम्प्रेसरमध्ये ती डिस्प्लेसमेंटच्या साधारण ६० ते ६५ टक्के मिळते, दोन टप्प्यांच्या टू स्टेजमध्ये ७० ते ७५ टक्के. दुकानदाराने '२४ सीएफएम' सांगितले तर लगेच विचारा: डिस्प्लेसमेंट की एफएडी, आणि कोणत्या दाबाला? उत्तर कोटेशनवर लिहून घ्या. दाब वाढला की एफएडी घटते, म्हणून ७ किलोचा आकडा १० किलोच्या कामाला लावू नका.

अंदाजासाठी धरायचे तर चांगल्या टू स्टेज पिस्टन कम्प्रेसरकडून एचपीमागे साडेतीन ते चार सीएफएम मिळतात, स्क्रू कम्प्रेसरकडून (पिस्टनऐवजी फिरत्या स्क्रूंनी हवा दाबणारा) चार ते साडेचार. हा आकडा फसवणूक ओळखायला उपयोगी आहे. कोणी ३ एचपीवर २० सीएफएम एफएडी देतो म्हणाला, तर तो आकडा एफएडीचा नाही.

एककांचा गोंधळ टाळायला एवढे जवळ ठेवा: १ सीएफएम म्हणजे २८.३ लिटर प्रति मिनिट, १ किलो दाब म्हणजे सुमारे १४.२ पीएसआय.

हवा कोण कोण खातो

मशीन इलेक्ट्रिक किंवा हायड्रॉलिक असेल तर त्याच्या मुख्य पंपाला हवा लागत नाही. तरीही गन, ड्रममधून माल मशीनकडे पाठवणारे दोन ट्रान्सफर पंप, असलाच तर ड्रममधला ॲजिटेटर (ढवळणी) आणि पत्रा झटकायची ब्लो गन, हे सगळे हवेवरच चालते.

गनपासून सुरुवात करू, कारण इथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो. एअर पर्ज गनमध्ये ट्रिगर सोडला की मिक्स चेंबरमधून हवा वाहू लागते आणि उरलेले मिश्रण बाहेर फेकते. ही हवा एक-दोन सेकंदांत थांबत नाही. गनचा एअर व्हॉल्व्ह किंवा सेफ्टी लॉक बंद करेपर्यंत वाहतच राहते. म्हणजे कारागीर शिडी सरकवतो, मास्क नीट करतो, पुढचा पत्रा बघतो, त्या प्रत्येक क्षणी गन हवा खात असते. 'मी दिवसातून फार तर तीन तास फवारतो, छोटा कम्प्रेसर पुरेल' हा तर्क म्हणूनच टिकत नाही. गनची हवा पूर्ण वेळ चालू धरा. नेमका आकडा तुमच्या गनच्या मॅन्युअलमध्ये, त्या मिक्स चेंबरच्या नंबरासमोर सापडेल. इथल्या हिशेबासाठी आपण ६ सीएफएम धरू. मेकॅनिकल पर्ज किंवा सॉल्व्हंटवर साफ होणाऱ्या गनला याच्या मानाने फार कमी हवा लागते. तिथे ती फक्त पिस्टन हलवायला खर्च होते.

ट्रान्सफर पंपाची हवा घरबसल्या काढता येते. पंपाचा रेशो (हवेच्या दाबाच्या किती पट दाब मालाला मिळतो), मिनिटाला जाणारे लिटर आणि हवेचा दाब एवढे माहीत हवे. रेशो गुणिले लिटर गुणिले (दाब अधिक १), म्हणजे लागणारी मोकळी हवा लिटरमध्ये मिळते. समजा गनमधून मिनिटाला ६ किलो माल जातो. दोन्ही केमिकल पाण्यापेक्षा जड, म्हणून हे दोन्ही मिळून सुमारे ५ लिटर झाले. पंप २:१ चे, हवा ५ किलोवर. २ × ५ × ६ म्हणजे ६० लिटर, जवळपास २ सीएफएम. पंपातली गळती आणि व्हॉल्व्ह बदलताना वाया जाणारी हवा धरून दोन्ही पंपांना मिळून ३ सीएफएम लिहा.

ॲजिटेटर हा मात्र खादाड गडी आहे. व्हेन प्रकारच्या एअर मोटरला एचपीमागे साधारण २५ ते ३५ सीएफएम लागतात, म्हणजे अर्ध्या एचपीचा ॲजिटेटर पूर्ण वेगात १५ सीएफएमच्या आसपास घेतो. अर्थात पॉलिऑल कधीच त्या वेगात ढवळायचे नसते. हळू वेगाला ५ सीएफएम धरले तरी चालेल. तो लागतो की नाही हे पॉलिऑलच्या टीडीएसमध्ये, म्हणजे कंपनीच्या टेक्निकल डेटा शीटमध्ये, बघा. पाण्यावर फुगणाऱ्या ओपन सेल (उघड्या छिद्रांच्या) मालात घटक वेगळे होतात आणि ढवळणे बहुधा लागते. क्लोज्ड सेल (बंद छिद्रांच्या) मालात उगाच जोरात ढवळले तर ब्लोइंग एजंट, म्हणजे फोम फुगवणारा घटक, उडून जातो आणि फोमची घनता बिघडते.

ब्लो गन थोडा वेळच चालते, पण तेवढ्यात खूप खाते. ७ किलो दाबाला दीड मिलिमीटरच्या भोकातून सहा सीएफएमपर्यंत हवा जाते, आणि भोकाचा व्यास दुप्पट केला की हवा चौपट होते. ब्लो गनचा भार टाकीवर टाकायचा असतो, कम्प्रेसरवर नाही. तिला लहान नोझल लावा आणि फवारणी चालू असताना दुसऱ्या माणसाला पत्रा झटकायला लावू नका.

इंदूरची हवा विरळ आहे, आणि मे महिन्यात आणखी

इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटरवर आहे. इथे हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सहा टक्क्यांच्या आसपास कमी. मे महिन्यात सावलीतच ४२ अंश असेल, तर २० अंशांच्या तुलनेत हवा आणखी सात टक्के विरळ होते. दोन्ही मिळून तेरा टक्के. कम्प्रेसर तेवढेच घनफूट ओढतो, पण त्यात हवा कमी असते. आणि गनच्या मॅन्युअलमधला आकडा प्रमाण हवेचा असतो. म्हणून एकूण बेरजेला ०.८७ ने भागा. काटेकोर पाहिले तर ट्रान्सफर पंपांना ही पूर्ण वाढ लागत नाही, पण सगळ्यांना एकच आकडा लावणे सोपे आणि सुरक्षित आहे.

इलेक्ट्रिक मोटरला इंदूरची उंची बाधत नाही, कारण साधारण मोटरी १००० मीटरपर्यंत आणि ४० अंशांपर्यंत पूर्ण क्षमतेच्या धरलेल्या असतात. ४० अंश मात्र इथे सहज ओलांडले जातात. पत्र्याखाली, ट्रकच्या बंद बॉडीत ठेवलेला कम्प्रेसर तर ५० अंशांची हवा ओढतो, ओव्हरलोड ट्रिप होतो आणि तेल जाळतो. त्याला सावलीत, पण मोकळ्यावर ठेवा. भिंतीपासून निदान दोन फूट अंतर हवे, आणि पंख्याची पुली भिंतीकडे.

एक पूर्ण हिशेब

इलेक्ट्रिक मशीन, एअर पर्ज गन, दोन ट्रान्सफर पंप, ॲजिटेटर नाही:

गन ६ + पंप ३ = ९ सीएफएम
गळतीसाठी १० टक्के: सुमारे १०
उंची आणि उष्णता, ०.८७ ने भागून: ११.५
पिस्टन कम्प्रेसर ७० टक्के वेळच चालावा म्हणून ०.७ ने भागून: १६.५ सीएफएम एफएडी

५ एचपीचा टू स्टेज कम्प्रेसर इथे जेमतेम बसतो. १० किलोच्या दाबाला त्याची एफएडी १६.५ पेक्षा खाली असेल तर ७.५ एचपीचा घ्या. पैसे थोडे जास्त जातील, पण हेड थंड राहील. यात ॲजिटेटरचे ५ सीएफएम मिळवले की तोच हिशेब १४, १५.४, १७.७ करत २५ सीएफएमवर जातो, आणि मग ७.५ एचपीला पर्याय उरत नाही.

शेवटचा ७० टक्क्यांचा भाग अनेक जण गाळतात, आणि तिथेच कम्प्रेसर मरतो. हवेने थंड होणारा पिस्टन कम्प्रेसर सतत लोडवर चालण्यासाठी केलेला नसतो. तो न थांबता चालू लागला की हेड तापते, व्हॉल्व्ह प्लेटवर कार्बन बसतो, व्हॉल्व्ह नीट मिटत नाहीत, हवा आणखी कमी होते आणि तो आणखी चालतो. स्क्रू कम्प्रेसर शंभर टक्के लोडवर चालू शकतो, म्हणून त्याला हा भागाकार नको. रोज सहा-आठ तास काम असेल तर स्क्रू परवडतो. आठवड्यातून एखादे छोटे काम असेल तर स्क्रू घेऊ नका: थोडाच वेळ चालणाऱ्या स्क्रूचे तेल पुरेसे तापत नाही, त्यात पाणी साचते आणि बेअरिंग गंजतात.

हवेवर चालणारे मशीन असेल तर सगळे चित्रच बदलते. मुख्य पंपाचा रेशो २०:१ धरा, माल तोच ५ लिटर, हवा ५.५ किलोवर: २० × ५ × ६.५ म्हणजे ६५० लिटर, २३ सीएफएम. घर्षण आणि गळती धरून ३०. त्यात गन आणि ट्रान्सफर पंपांचे ९ मिळवून ३९, गळतीसह ४३, ०.८७ ने भागून ४९ सीएफएम. हे काम १५ एचपीच्या स्क्रूचे आहे. पिस्टन घ्यायचा तर ७० सीएफएम शोधावे लागतील. हवेवरचे मशीन स्वस्त दिसते ते कम्प्रेसरची किंमत त्यात धरलेली नसते म्हणून.

टाकी हवा बनवत नाही

५०० लिटरची टाकी लावून ३ एचपीचा कम्प्रेसर मोठा होत नाही. टाकीचे काम दोन: ब्लो गनसारखा थोड्या वेळाचा भार पेलणे, आणि मोटर वारंवार चालू-बंद होण्यापासून वाचवणे.

पहिल्याचा हिशेब असा. २२० लिटरची टाकी १० किलोवरून ७ किलोवर आली तर सुमारे ६६० लिटर मोकळी हवा देते, म्हणजे २३ घनफूट. गरज पुरवठ्यापेक्षा ८ सीएफएमने जास्त असेल तर ही हवा तीन मिनिटांत संपते. पत्रा झटकायला तीन मिनिटे पुष्कळ झाली. फवारणीला ती काहीच नाहीत.

दुसऱ्याचा हिशेब जास्त महत्त्वाचा आहे. मागणी पुरवठ्याच्या निम्मी असते तेव्हा मोटर सर्वांत जास्त वेळा चालू-बंद होते. १५ सीएफएमचा कम्प्रेसर, २२० लिटरची टाकी आणि प्रेशर स्विचमध्ये २ किलोचा फरक असेल तर तासाला चौदाच्या आसपास स्टार्ट होतात. मोटर आणि स्टार्टर दोघांनाही ते जास्त आहेत. फरक ३ किलो केला तर तेच नऊवर येतात. किंवा २ किलोवर ठेवून ३०० लिटरची टाकी लावली तर दहावर. ५ ते ७.५ एचपीसाठी ३०० लिटर धरून चला.

दाब कुठे गळतो

एअर पर्ज गनला हँडलपाशी ८० ते १३० पीएसआय लागतात. आपण १०० पीएसआय, म्हणजे ७ किलो धरू. टाकीच्या गेजवर ७ किलो दिसले म्हणजे गनपाशी ७ किलो आहेत असे नाही, आणि इथे होजचे आतले माप फार मोठा खेळ करते.

समजा ६० मीटरच्या बंडलमधून, म्हणजे मशीनपासून गनपर्यंत एकत्र बांधलेल्या नळ्यांतून, ५ सीएफएम हवा न्यायची आहे. नळीचे आतले माप पाव इंच असेल तर वाटेत सुमारे २३ पीएसआय खर्च होतात. ८ मिलिमीटर असेल तर ७. तीन अष्टमांश इंच असेल तर ३. माप थोडेसेच वाढले, पण दाबाची घट व्यासाच्या पाचव्या घातावर बदलते. त्यातून क्विक कपलरचे भोक नळीपेक्षा लहान असते, म्हणून प्रत्येक सांध्यात आणखी थोडे जाते. बंडलमध्ये आधीच पाव इंचाची नळी बांधलेली असेल आणि ती बदलायची नसेल, तर तिच्या बाजूने १० मिलिमीटरची वेगळी नळी ओढा आणि गनजवळच्या शेवटच्या तीन मीटरांत तिला बारीक नळीशी जोडा.

कम्प्रेसरपासून मशीनपर्यंतच्या नळीचेही तसेच. १५ सीएफएम, ३० मीटर: १० मिलिमीटरच्या नळीत ९ पीएसआय जातात, अर्ध्या इंचीत ३.

आता उलटे मोजत या. गनपाशी ७ किलो. बंडलमध्ये, तेही चांगल्या नळीचे, अर्धा किलो. मुख्य नळी आणि कपलर पाव ते अर्धा किलो. ड्रायर आणि दोन फिल्टर मिळून आणखी अर्धा, आणि फिल्टर जुने झाले की जास्त. म्हणजे टाकीत सर्वांत कमी दाब साडेआठ किलो हवा. प्रेशर स्विच साडेआठला चालू आणि साडेदहा-अकराला बंद असा लावा. टाकी आणि सेफ्टी व्हॉल्व्ह त्या दाबाचे आहेत हे आधी पाटीवर वाचून. ७-८ किलोचा सिंगल स्टेज कम्प्रेसर या कामाला चालत नाही तो यामुळे, त्याची एफएडी कितीही असो.

दाब बघायचा तो हवा वाहत असताना. गनच्या एअर इनलेटला टी लावून छोटे गेज बसवा, ट्रिगर सोडून पर्ज चालू ठेवा आणि वाचा. हवा थांबलेली असताना सगळे गेज सारखेच दाखवतात आणि फसवतात.

हा दाब पडला की गनचा पिस्टन सुस्त होतो. मिक्स चेंबर वेळेत मागे-पुढे सरकत नाही, ट्रिगर दाबल्यावर पहिला झोत विचित्र येतो. पर्ज कमजोर असल्याने चेंबरमध्ये थोडे मिश्रण राहते आणि तिथेच फुगून घट्ट होते. कारागीर ड्रिलने भोक साफ करतो, भोक मोठे होते आणि मग पॅटर्न कायमचा बिघडतो.

ट्रान्सफर पंपाला हवा कमी पडली तर लक्षण फोममध्ये दिसते. आयसो कमी गेला तर फोम मऊ, चिकट आणि वासाचा. पॉलिऑल कमी गेले तर कडक, ठिसूळ, बोटाने चुरणारा. जानेवारीत माळव्याची रात्र दहा अंशांच्या खाली जाते आणि सकाळी पॉलिऑल काकवीसारखे घट्ट असते. तेव्हा पंपाची हवा वाढवून काम भागत नाही. ड्रमला बँड हीटर लावा, ड्रम रात्री थेट फरशीवर ठेवू नका, आणि माल टीडीएसमध्ये दिलेल्या तापमानाला, बहुतेक मालांना २० अंशांच्या वर, आल्यावरच मशीन सुरू करा.

पाणी

पावसाळ्यातल्या इंदूरचे सर्वांत मोठे दुखणे हेच. ३० अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असेल तर एका घनमीटर हवेत सुमारे २६ ग्रॅम पाणी असते. १५ सीएफएमचा कम्प्रेसर तासाला सुमारे २५ घनमीटर हवा ओढतो, म्हणजे ६५० ग्रॅम पाणी. आठ तासांत, ७० टक्के वेळ चालला तरी, साडेतीन लिटरच्या वर. टाकीच्या ड्रेनमधून ते सगळे निघत नाही. टाकी ५० अंशांवर तापलेली असेल तर यातले साधारण ३० ते ३५ टक्के पाणी वाफेच्या रूपात पुढे जाते आणि होजमध्ये, गनमध्ये, जिथे थंड होईल तिथे, पाणी बनते. टाकीच्या तोंडाशी लावलेला काचेच्या वाटीचा फिल्टर म्हणूनच पुरत नाही. तो थेंब पकडतो, वाफ नाही.

आयसो पाण्याशी भिडला की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि कठीण, न विरघळणारी पॉलियुरिया तयार होते. गनच्या आयसो बाजूच्या साइड सीलवर पांढरे कण दिसले, चेक व्हॉल्व्ह रवाळ लागला, तर आधी हवेचे पाणी तपासा. सोपी खूण: गनची हवा स्वच्छ आरशावर किंवा चकचकीत पत्र्यावर अर्धा मिनिट सोडा. ओलसर डाग किंवा तेलकट छटा दिसली तर फवारणी थांबवा.

मांडणी या क्रमाने हवी: कम्प्रेसर, आफ्टरकूलर (गरम हवा थंड करणारा), टाकी, जाड फिल्टर, रेफ्रिजरेटेड ड्रायर (हवा गार करून पाणी काढणारा), तेल पकडणारा बारीक फिल्टर, मग रेग्युलेटर आणि फाटे. गनच्या फाट्यावर शेवटी सिलिका जेलचे एक काडतूस लावा. रंग बदलला की जेल बदला. रेफ्रिजरेटेड ड्रायर सुमारे ३ अंशांच्या ड्यू पॉइंटला (ज्या तापमानाला वाफेचे पाणी होऊ लागते) हवा आणतो आणि या कामाला तो पुरतो. पण त्याची क्षमता साधारण ३५ अंशांच्या येणाऱ्या हवेवर आणि २५ अंशांच्या वातावरणावर दिलेली असते. इथे दोन्ही आकडे वरचेच असणार, म्हणून एफएडीच्या दीडपट क्षमतेचा घ्या. हीटरलेस डेसिकंट ड्रायर (ओल शोषणाऱ्या दाण्यांचा) उणे ४० पर्यंत जातो, पण स्वतःच्या शुद्धीसाठी १५ ते १८ टक्के हवा उडवतो. तो लावणार असाल तर वरच्या हिशेबात ती हवा आधी मिळवा, नाहीतर ड्रायर बसवल्यावर गनपाशी हवा कमी पडेल आणि कारण सापडणार नाही.

आयसोच्या ड्रमच्या भोकाकडेही लक्ष असू द्या. पंप माल ओढतो तेवढी बाहेरची हवा ड्रममध्ये शिरते. जुलैमध्ये तिथे सिलिका जेलचा ब्रीदर हवाच. कापडाचा बोळा कोंबून काही होत नाही.

तेलाचे दुखणे वेगळे. त्याच हवेने पत्रा झटकला की पत्र्यावर तेलाचा पातळ थर बसतो आणि फोम पुढे सुटून येतो. एअर मोटरला ल्युब्रिकेटर लागत असेल तर तो फक्त मोटरच्या फाट्यावर लावा. गनच्या आणि ब्लो गनच्या फाट्यावर कधीही नाही. पंपाच्या सायलेन्सरवर बर्फ धरत असेल तर तेही ओल्या हवेचेच लक्षण आहे: हवा प्रसरण पावताना थंड होते आणि पाणी तिथे गोठते.

श्वासाची हवा या कम्प्रेसरमधून घेऊ नका

कोल्ड स्टोअरेजच्या बंद खोलीत फवारणाऱ्याला बाहेरून हवा पुरवणारा मास्कच हवा. आयसोमुळे एकदा दम्याची ॲलर्जी जडली की पुढे अगदी थोड्या मात्रेनेही झटका येतो, आणि त्या माणसाला हे काम कायमचे सोडावे लागते. तेलाचा कम्प्रेसर गरम झाला की तेल जळून कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ शकतो, आणि शेजारी डिझेल जनरेटर असेल तर त्याचा धूर थेट आत ओढला जातो. ड्रायर आणि साधे फिल्टर कार्बन मोनॉक्साइड काढत नाहीत. श्वासाच्या हवेसाठी अमेरिकेत वापरला जाणारा 'ग्रेड डी' दर्जा कार्बन मोनॉक्साइड १० पीपीएमच्या आत मागतो.

म्हणून श्वासासाठी वेगळा तेलविरहित एअर पंप घ्या आणि त्याची ओढ मोकळ्या हवेत, वाऱ्याच्या वरच्या बाजूला, जनरेटरपासून दूर ठेवा. घट्ट बसणाऱ्या मास्कला माणशी निदान ४ सीएफएम, डोके झाकणाऱ्या हूडला निदान ६ सीएफएम पोचले पाहिजेत. मदतनीस खोलीत असेल तर त्यालाही. या खर्चात कपात करू नका.

वीज

५ एचपीची मोटर थेट स्टार्टरवर सुरू होताना सहा-सात पट करंट ओढते. जनरेटरवर काम असेल तर एकट्या मोटरसाठी तिच्या किलोवॅटच्या अडीच ते तीन पट केव्हीए धरा, म्हणजे ३.७ किलोवॅटला सव्वानऊ ते अकरा केव्हीए, आणि फोम मशीनच्या पाटीवरचा भार त्यात वेगळा मिळवा. आधी कम्प्रेसर सुरू करून टाकी भरा, मग हीटर चालू करा. मोटर बंद होताना प्रेशर स्विचमधून 'फुस्स' आवाज आला पाहिजे. तो अनलोडर आहे. आवाज आलाच नाही तर पुढच्या वेळी मोटर भरल्या हेडवर सुरू होईल आणि गुरगुरून ट्रिप होईल. तोच आवाज थांबतच नसेल तर टाकीवरचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह गळतो आहे.

जुना कम्प्रेसर घेताना

घड्याळ आणि गेज एवढे पुरेत. टाकीचा बाहेरचा व्हॉल्व्ह बंद करा. कम्प्रेसर सुरू करून दाब ६ वरून ८ किलोवर जायला किती सेकंद लागतात ते मोजा. २२० लिटरची टाकी असेल तर ही ४५० लिटर हवा झाली, कारण इंदुरात वातावरणाचा दाब ०.९७ किलोच आहे. ७० सेकंद लागले तर मिनिटाला ३९० लिटर, सुमारे १४ सीएफएम. टाकीतली हवा गरम असल्याने आकडा पाच-दहा टक्के फुगलेला येतो, तो वजा धरा. पाटीवर काहीही लिहिलेले असो, तुमचा कम्प्रेसर एवढाच.

मग मोटर बंद करून, सगळ्या नळ्या जोडलेल्या पण गनचा आणि पंपांचा व्हॉल्व्ह बंद, अशा स्थितीत ८ वरून ७ किलोवर यायला लागणारा वेळ बघा. पाच मिनिटांत आला तर गळती दीड सीएफएमची आहे. त्याहून लवकर आला तर साबणाचे पाणी घेऊन सांधे शोधा. टाकीचा तळ हातोडीने हलकेच वाजवून बघा, गंजलेल्या जागी आवाज बसका येतो. हायड्रो टेस्टचा (पाणी भरून केलेल्या दाबाच्या चाचणीचा) कागद मागा. तो नसेल तर टाकी नवी बसवायचा खर्च भावातून वजा करून घ्या, कारण आत वर्षानुवर्षे पाणी साचलेली टाकी अकरा किलोवर फुटली तर जवळ उभा असलेला माणूस वाचत नाही.